जुन्या जोडइंजिनी केबिन क्रूझरची इंजिनं बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोट तीस-चाळीस वर्षांची, अंग फायबरग्लासचं, पोटात शेजारी शेजारी दोन इंजिनं आणि प्रत्येकाचा शाफ्ट (लांब दांडा) मागे जाऊन आपापला पंखा, म्हणजे प्रोपेलर, फिरवतो. अशा केबिन क्रूझरच्या मालकांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. स्टर्नड्राइव्हवाल्या, म्हणजे इंजिन आत पण पंख्याचा पाय मागच्या भिंतीबाहेर असलेल्या, बोटींना यातलं बरंच लागू पडतं, पण सगळं नाही.

इंजिन खरंच संपलं आहे हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नाला द्या. संपलेलं म्हणून उतरवलेलं इंजिन नंतर धडधाकट निघालं, असं पुष्कळदा होतं.

बोट पूर्वीसारखी पळत नाही, ही पहिली तक्रार असते. त्याची कारणं आधी इंजिनाबाहेर शोधा. तळाला शेवाळ आणि शिंपले धरले असतील, पंख्याचं पातं वाकलं असेल, डिझेलचा फिल्टर तुंबला असेल, किंवा थ्रॉटलची केबल ताणून कार्ब्युरेटर पूर्ण उघडतच नसेल. वीस वर्षांत बोटीत साठलेलं सामानही एकदा तोलून पाहण्यासारखं असतं. माझ्या बोटीचं डावं इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वर जाईना. तीन जाणकारांनी इंजिन गेलं असं सांगितलं. शेवटी एक्झॉस्टच्या रबरी नळीचा आतला थर सोलून आतच फुगलेला निघाला. धुराला बाहेर पडायला वाटच नव्हती. नळी बदलली आणि तेच इंजिन पुढे कित्येक हंगाम चाललं.

इंजिन तापतं ही दुसरी तक्रार. तिथे इम्पेलर (समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चक्र), समुद्राच्या पाण्याची गाळणी, हीट एक्स्चेंजर (समुद्राच्या पाण्याने इंजिनातलं पाणी थंड करणारा भाग) आणि एक्झॉस्टचे रायझर (मॅनिफोल्डवरचे उभे, पाण्याने थंड होणारे भाग) या क्रमाने बघत जा. इम्पेलरची एखादी पाती तुटून हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेली असते. इम्पेलर नवा घातला तरी ती पाती तिथेच राहते आणि इंजिन तापतच राहतं.

हे सगळं झाल्यावर मग पोटात शिरायचं. पेट्रोल इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, इंजिन गरम असताना, सगळे स्पार्क प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडून करतात. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती आहे हे महत्त्वाचं. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या आकड्यात १५ टक्क्यांहून जास्त तफावत आली तर चौकशी पुढे न्या. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह गळतात. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले तर दोघांमधली हेड गॅस्केट फुटली असण्याचा संभव मोठा. गॅस्केटसाठी इंजिन बदलत नाहीत.

डिझेल इंजिनाचं निदान तेलाच्या तपासणीवरून चांगलं होतं. प्रयोगशाळेच्या अहवालात सोडियम वाढलेलं दिसलं तर खारं पाणी आत येतंय का ते बघायचं. लोखंड आणि क्रोमियम वाढलं तर लायनर आणि रिंगा झिजताहेत. एका तपासणीवरून निकाल लावू नका, दोन-तीन सलग अहवालांचा कल पाहा.

खोलून दुरुस्त करावं, तयार ब्लॉक आणावा, की पूर्ण नवं इंजिन?

आतून गोड्या पाण्यावर थंड होणारं इंजिन असेल, ब्लॉक शाबूत असेल आणि सुटे भाग सहज मिळत असतील, तर खोलून दुरुस्ती करण्यात अर्थ आहे. पर्किन्स, फोर्ड लेहमन, डेट्रॉइट डिझेलची ६-७१ ही जुनी डिझेल इंजिनं तर पुन्हा पुन्हा उघडून बांधायच्या हिशेबानेच बनलेली आहेत. लेहमनसारखं इंजिन उतरवून फेकून देण्याआधी मी दहा वेळा विचार करेन.

वर्षानुवर्षं खारं पाणी थेट ब्लॉकमधून खेळलेलं पेट्रोल इंजिन असेल तर गोष्ट वेगळी. पाण्याच्या वाटा आतून गंजून पातळ झालेल्या असतात. असा ब्लॉक बोअर करून नवे पिस्टन घालणं म्हणजे वाळवी लागलेल्या दाराला रंग देणं.

मधला मार्ग तयार लाँग ब्लॉकचा. ब्लॉक, क्रँक, पिस्टन, कॅमशाफ्ट आणि हेड इतकं जोडून येतं. मॅनिफोल्ड, स्टार्टर, कार्ब्युरेटर तुमचे जुनेच चढवायचे. पैसे वाचतात, पण पिढ्यांचा फरक आधी समजून घ्या. जनरल मोटर्सच्या ५.७ लिटर व्ही-८ चंच उदाहरण घ्या. १९८६ पासून त्याचं मागचं क्रँक सील दोन तुकड्यांऐवजी अखंड झालं. त्याबरोबर फ्लायव्हीलच्या बोल्टांची जागाही बदलली. म्हणून जुनं फ्लायव्हील नव्या ब्लॉकला बसत नाही. १९९६ पासून आलेल्या व्होर्टेक हेडांना जुनं इनटेक मॅनिफोल्ड लागत नाही, बोल्टांची रचनाच निराळी आहे. दोन्ही इंजिनं बाहेरून सारखीच दिसतात. ऑर्डर देण्याआधी जुन्या ब्लॉकवर ओतीव अक्षरांत असलेला क्रमांक लिहून पाठवा.

जुने एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर मात्र नव्या ब्लॉकवर चढवू नका. खाऱ्या पाण्यात त्यांचं आयुष्य साधारण पाच ते सात वर्षांचं. आतून गंजून भोक पडलं की पाणी उलट सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पुढच्या वेळी स्टार्टर मारताना कनेक्टिंग रॉड वाकतो. बरीचशी जुनी इंजिनं याच कारणाने मेलेली असतात आणि नवंही त्याच कारणाने पहिल्या हंगामातच जातं.

एकच इंजिन गेलं आहे. दुसरंही बदलायचं का?

गेलेल्याचं कारण काय, यावर ठरेल. वर सांगितल्याप्रमाणे रायझर फुटून एका इंजिनात पाणी शिरलं असेल आणि दुसऱ्याचं कॉम्प्रेशन व तेल चांगलं असेल, तर एकच बदला. पण एक इंजिन तासांनी थकून गेलं असेल तर दुसऱ्यानेही तेवढेच तास काढलेले आहेत. आज ना उद्या तेही त्याच वाटेने जाणार, आणि तेव्हा बोट उचलणं, डेक उघडणं, सगळं पुन्हा.

एका बाजूला जुन्या घडणीचं आणि दुसऱ्या बाजूला वेगळ्या कंपनीचं इंजिन ही जोडी मला पटत नाही. फेरे जुळवत बसावं लागतं, सुटे भाग दोन प्रकारचे ठेवावे लागतात, आणि गिअरचं गुणोत्तर वेगळं असेल तर दोन्ही पंखेही वेगळे.

किती अश्वशक्तीचं घ्यावं? थोडं मोठं घेतलं तर बोट जास्त पळेल ना?

थोडी पळेल, आणि त्यासाठी मोजावं खूप लागेल. पाण्यावर उठून धावणाऱ्या बोटीचा वेग ताकदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ताकद २० टक्क्यांनी वाढवली तर वेग जेमतेम ९ टक्क्यांनी वाढेल. म्हणजे २० नॉटचे २२ सुद्धा होत नाहीत. त्यातही मोठ्या इंजिनाचं वजन काहीतरी खाऊन टाकतं.

उलट बाजूनेही बघा. पाण्याला कापत, न उठता चालणाऱ्या बोटीचा एक नैसर्गिक वेग असतो. पाणरेषेची लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं. पाणरेषा ३० फुटांची असेल तर सुमारे ७.३ नॉट येतात. दहा टन वजनाच्या बोटीला एवढ्या वेगासाठी ४० ते ५० अश्वशक्ती पुरते. हीच बोट २० नॉटने पळवायची तर शाफ्टवर सुमारे ४०० अश्वशक्ती लागते. वेग तिपटीहूनही कमी वाढला आणि ताकद आठ-दहा पट लागली.

म्हणून माझा सल्ला असा: गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही खरोखर कोणत्या वेगाने बोट चालवलीत हे प्रामाणिकपणे लिहून काढा. बहुतेक वेळ सात-आठ नॉटनेच फिरत असाल आणि बोटीचं बूड त्या वेगाला साजेसं असेल, तर लहान इंजिनं घ्या. बोट हलकी होईल, इंजिनखोलीत माणूस वावरू शकेल, इंधन कमी लागेल. पण बूड उठून धावण्यासाठी बनवलेलं असेल आणि तुम्हाला १५-१८ नॉट हवेच असतील, तर मूळ बांधणाऱ्याने दिली होती तेवढीच ताकद ठेवा. अर्धवट ताकद सगळ्यात वाईट: बोट नाक वर करून स्वतःचीच लाट चढत राहते, उठत नाही, आणि इंधन पिते.

पेट्रोल काढून डिझेल घालावं का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि बहुतेकांना उत्तर आवडत नाही.

डिझेलच्या बाजूने पहिलं कारण सुरक्षेचं. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या थंडीतसुद्धा पेट घेऊ शकते. डिझेल ५२ अंश सेल्सिअसच्या खाली सहसा पेट घेण्याजोगी वाफ देत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे ती बोटीच्या तळाशी साचते. एक ठिणगी पुरते. माणसं झोपतात त्याच फळीखाली दोन पेट्रोल इंजिनं असणं ही गोष्ट मी कधीच हलकी मानत नाही. मात्र पेट्रोलवर चालणारा जनरेटर तसाच ठेवलात तर हा धोका गेला असं समजू नका.

दुसरं कारण खपाचं. पेट्रोल इंजिन एका अश्वशक्तीमागे तासाला सुमारे ०.३ लिटर पितं, डिझेल सुमारे ०.२. दोन्ही इंजिनं मिळून ३०० अश्वशक्ती काढत असतील तर तासाला ९० लिटर विरुद्ध ६०. वर्षाला ३०० तास बोट चालवणाऱ्याला हा फरक जाणवेल. वर्षाला ५० तास चालवणाऱ्याला बदलाचा खर्च त्यातून कधीच भरून निघणार नाही.

आता खर्च कुठे कुठे होतो ते बघा. ३०० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन ४,६०० फेऱ्यांना सुमारे ४६४ न्यूटन-मीटर पिळ (टॉर्क) देतं. तीच ३०० अश्वशक्ती डिझेल २,६०० फेऱ्यांना देत असेल तर पिळ जातो सुमारे ८२२ न्यूटन-मीटरवर. ताकदीचा आकडा तोच, पण गिअरबॉक्सवरचा भार पावणेदोन पट. जुना गिअरबॉक्स इथेच बाद होतो. वेगळ्या गुणोत्तराचा गिअर आला की शाफ्टवरचा पिळही बदलतो, मग शाफ्ट जाड हवा. शाफ्ट जाड झाला की स्टर्न ट्यूब (शाफ्ट बोटीबाहेर जातो ती नळी), ग्लँड (तिथून पाणी आत येऊ न देणारा जोड), कटलेस बेअरिंग (पंख्याजवळ शाफ्ट पेलणारं रबरी बेअरिंग) आणि ब्रॅकेटही बदलतात. मोठा पंखा हवा, पण तळ आणि पंख्याचं टोक यांच्यात पंख्याच्या व्यासाच्या निदान १० ते १५ टक्के मोकळी जागा लागते, आणि जुन्या बोटीत ती असेलच असं नाही.

इंधनाकडे या. डिझेल इंजिनाला परतीची नळी लागते, ती पेट्रोलच्या टाकीला नसते. टाकीला जस्ताचा मुलामा असेल तर ती डिझेलला चालत नाही. जस्ताची डिझेलशी अभिक्रिया होते आणि इंजेक्टर खराब होतात. एक्झॉस्टचा घेर वाढतो, समुद्राचं पाणी घेणारा सीकॉक मोठा लागतो, बॅटरी आणि तिच्या केबली जाड लागतात, हवेची तोंडं रुंद करावी लागतात. इंजिनाचं वजन वाढलं तर बोट कुठे झुकते हेही तपासावं लागतं.

वर्षानुवर्षं ठेवायची, लांबच्या फेऱ्या करणारी आणि तितक्या योग्यतेची बोट असेल तर डिझेल जरूर घाला. तशी नसेल, तर आधीच डिझेल इंजिनं असलेली दुसरी बोट शोधणं जवळजवळ नेहमीच शहाणपणाचं ठरतं.

एक इंजिन उलटं फिरतं असं सांगतात. म्हणजे काय?

दोन पंख्यांच्या बोटीत पंखे एकमेकांच्या विरुद्ध फिरतात. सहसा मागून पाहिलं तर उजव्या बाजूचा घड्याळाच्या दिशेने आणि डाव्या बाजूचा उलट. दोन्ही एकाच दिशेने फिरले तर बोट एका बाजूला ओढत राहते आणि धक्क्याला लावताना त्रास देते.

आता हे विरुद्ध फिरणं गिअरबॉक्समध्ये साधतात. पूर्वी, विशेषतः पेट्रोल बोटींत, दोनांपैकी एक इंजिनच उलटं फिरणारं बनवत असत. त्याचा कॅमशाफ्ट, मागचं सील आणि स्टार्टर वेगळे असतात, फायरिंग ऑर्डरही वेगळी. त्या बाजूला नेहमीचा लाँग ब्लॉक आणून जुने भाग चढवले तर एकतर इंजिन चालूच होणार नाही, किंवा चालू होऊन तेल गाळत बसेल.

बोलण्यातला एक घोळही लक्षात ठेवा. डावं आणि उजवं फिरणं कुठून पाहून म्हणायचं यावर एकमत नाही. कुणी फ्लायव्हीलच्या बाजूने बघतं, कुणी पुढच्या पुलीच्या बाजूने. त्यामुळे विक्रेत्याला नुसतं ‘लेफ्ट हँड हवं’ असं सांगू नका. ‘फ्लायव्हीलकडून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरतं’ असं पूर्ण वाक्य लिहून द्या.

दोन्ही इंजिनं सारख्याच दिशेची घ्यायची ठरली, आणि ते शहाणपणाचंच आहे, तर एका बाजूचा गिअर दोन्ही दिशांना सतत चालणारा हवा.

जुने गिअरबॉक्स ठेवता येतील का?

इंजिन त्याच घराण्यातलं आणि त्याच ताकदीचं असेल तर बहुधा येतील. जुन्या पेट्रोल बोटींत बोर्ग वॉर्नरचे व्हेल्व्हेट ड्राइव्ह गिअर पुष्कळ दिसतात. ते दणकट आहेत आणि दुरुस्तही होतात. पण त्यांचा रिव्हर्स धक्क्याजवळ थोडा वेळ वापरण्यापुरता असतो. तो सतत पुढे जाण्यासाठी वापरून उलट दिशा मिळवू नका, गिअर जळेल. शिवाय त्यांचा पुढचा पंप इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेप्रमाणे बसवावा लागतो. वेगळ्या दिशेचं इंजिन जोडताना पंप फिरवायचा राहिला तर तेलाचा दाबच तयार होत नाही.

इंजिन आणि गिअरमधली डॅम्पर प्लेट मात्र नवीच घाला. स्प्रिंगा सैल झालेली जुनी प्लेट मंद फेऱ्यांत खडखडते आणि एक दिवस तुटते. तेव्हा ती बदलायला सगळं पुन्हा सोडवावं लागतं.

पंखे बदलावे लागतील का?

इंजिन वेगळं घेतलं तर हो. आधी कच्चा हिशेब करता येतो. पंख्याचे मिनिटाचे फेरे आणि इंचांतली पिच (एका फेऱ्यात पंखा तत्त्वतः जितका पुढे सरकतो ते अंतर) यांचा गुणाकार १,२१५ ने भागला की घसरण (पंखा पाण्यात निसटल्याने होणारी घट) न धरता नॉटमधला वेग मिळतो. इंजिन ३,६००, गिअर दोनास एक, म्हणजे पंखा १,८००. पिच १७ इंच. उत्तर येतं २५.२ नॉट. २० टक्के घसरण धरली तर साधारण २० नॉट.

खरी परीक्षा पाण्यातच होते. टाक्या भरलेल्या, सामान आणि माणसं चढलेली, तळ स्वच्छ, अशा बोटीत थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर इंजिनाने कंपनीने सांगितलेले कमाल फेरे गाठलेच पाहिजेत. डिझेलला थोडे जास्तच गाठू द्या. कमी पडले तर पंखा जड आहे. पिच एक इंचाने कमी केली की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. जड पंख्यावर चालणारं डिझेल कायम ओझ्याखाली राहतं, काळा धूर सोडतं आणि नवं असूनही काही वर्षांत जातं. ‘मी कधी पूर्ण थ्रॉटल देतच नाही’ हे कारण पुढे करू नका. पंखा जड असेल तर ओझं मधल्या फेऱ्यांतही जास्तच असतं.

मोटारीचं किंवा ट्रकचं इंजिन स्वस्तात मिळतं. ब्लॉक तर तोच असतो ना?

ब्लॉक तोच असतो, पण बाहेरचं सगळं वेगळं असतं, आणि पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत हा फरक जिवावरचा आहे. बोटीचा स्टार्टर, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटर अशा रीतीने बंद केलेले असतात की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला भिडत नाही. बोटीचा कार्ब्युरेटर भरून वाहिला तरी जास्तीचं पेट्रोल इंजिनात जातं, मोटारीचा ते बाहेर सांडतो. इंधन पंपाला दुहेरी पडदा असतो. कार्ब्युरेटरच्या तोंडावर ज्वाला अडवणारी जाळी असते. मोटारीत सांडलेलं पेट्रोल रस्त्यावर पडून उडून जातं, बोटीत ते तुमच्या पायाखाली साठतं. यांपैकी एकही भाग मोटारीचा लावू नका, एका फेरीपुरताही नाही.

इंजिन बाहेर कसं काढतात?

आधी टेपने मोजा. डेकवरची किंवा सलूनमधली झडप, सलूनचं दार, वरच्या छताची उंची. गिअरसह ५.७ लिटरचं पेट्रोल इंजिन सुमारे ४०० किलो भरतं, ७.४ लिटरचं जवळपास अर्धा टन. झडप पुरी पडत नसेल तर मॅनिफोल्ड, अल्टरनेटर, हीट एक्स्चेंजर जागेवरच उतरवून इंजिन बारीक करतात. उघड्या डेकखाली असेल तर क्रेन सरळ उचलते. सलूनखाली असेल तर आत घोडी उभी करून चेनब्लॉकने वर घ्यायचं, फळ्यांवर ठेवायचं आणि दारातून मागे सरकवत न्यायचं. काही बोटींत केबिनची बाजू किंवा डेक कापण्यावाचून पर्याय नसतो. तशी वेळ आली तर कापलेला तुकडा बोल्टने बसणारी झडप म्हणून परत लावा.

जुनं इंजिन निघतं म्हणून नवं जाईल असं गृहीत धरू नका. नव्याची उंची, तेलाच्या पॅनची खोली आणि माउंटिंगमधलं अंतर कंपनीच्या आराखड्यावरून घ्या. पुठ्ठ्याचा किंवा हलक्या लाकडाचा त्याच मापाचा सांगाडा करून इंजिनखोलीत उतरवून बघा. दोन इंजिनांच्या मधे माणूस बसू शकतो का, डिपस्टिकला आणि इम्पेलरला हात पोहोचतो का, बाहेरच्या बाजूचे प्लग काढता येतात का, हे त्यातच कळतं.

इंजिनखोली रिकामी असताना आणखी काय करून घ्यावं?

जे काही करायचं ते आत्ताच. ही जागा पुन्हा अशी मोकळी मिळणार नाही.

सुरुवात स्ट्रिंगरपासून. इंजिन ज्या लांब तुळयांवर बसतं त्या बऱ्याच जुन्या बोटींत आतून लाकडाच्या आणि वरून फायबरग्लासच्या असतात. माउंटिंगचे स्क्रू थेट लाकडात गेलेले, त्या भोकांतून तेल आणि पाणी झिरपलेलं. लहान हातोडीने ठोकत जा. टणक आवाजाच्या जागी भदभद आवाज आला की तिथे भोक पाडून लाकूड तपासा. ओला भुसा निघाला तर आधी स्ट्रिंगर, मग इंजिन. कुजलेल्या तुळईवर बसवलेलं नवं इंजिन कधीच एका रेषेत राहत नाही. इथे घाई करणारा माणूस नंतर तीनदा खर्च करतो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग टाक्या. इंजिनं जागेवर असताना त्या निघत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघतही नाही. पत्र्याच्या टाकीचा तळ आतल्या पाण्याने आणि बाहेरच्या ओलाव्याने खाल्लेला असतो. जुन्या फायबरग्लासच्या टाकीत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल भरलं तर राळ विरघळून इंजिनात जाते आणि व्हॉल्व्ह चिकटतात. टाकीबद्दल शंका असेल तर बदलाच.

सीकॉक, सगळ्या रबरी नळ्या, ग्लँडचं पॅकिंग, कटलेस बेअरिंग, बिल्ज (बोटीचा अगदी तळ) उपसणारा पंप, जुनी वायरिंग आणि आवाज अडवणारे थर हेही याच वेळी. शाफ्ट काढून लेथवर सरळ आहेत का ते तपासा. शेवटी सगळं धुऊन, तेलकटपणा काढून पांढरा रंग द्या. पांढऱ्या बिल्जमध्ये तेलाचा एक थेंबही लगेच दिसतो, आणि पुढची वीस वर्षं गळती शोधायला तोच उपयोगी पडतो.

एक्झॉस्ट आणि हवेचं काय?

एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळणारा भाग पाणरेषेच्या पुरेसा वर हवा. निदान ३० सेंटिमीटर हा सर्वसाधारण नियम आहे. त्याहून खाली असेल तर मागून आलेली लाट इंजिनात घुसू शकते. नळी ओल्या एक्झॉस्टसाठीच बनवलेली वापरा.

हवेकडे फार दुर्लक्ष होतं. इंजिन चालू असताना इंजिनखोलीची झडप उघडायला जोर लागत असेल तर आत हवा कमी पडते आहे. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १५-१७ अंशांहून जास्त चढता कामा नये. पेट्रोल बोटीत इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर (इंजिनखोलीतली वाफ बाहेर फेकणारं यंत्र) निदान चार मिनिटं चालवायचा, दर वेळी. नवं इंजिन आलं म्हणून ही सवय सुटता कामा नये.

शाफ्टचं अलाइनमेंट कधी आणि कसं करायचं?

शेवटचं अलाइनमेंट, म्हणजे शाफ्ट आणि इंजिन एका रेषेत आणणं, पाण्यात, टाक्या भरून आणि बोट दोन-चार दिवस तरंगू दिल्यावर. जमिनीवर ठोकळ्यांवर उभ्या बोटीचा आकार पाण्यातल्यासारखा नसतो.

कपलिंगची (गिअर आणि शाफ्ट जोडणाऱ्या चकत्यांची) दोन तोंडं जवळ आणून चारही बाजूंनी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालतात. कपलिंगच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागे फटीत एक हजारांश इंचाहून जास्त फरक नको. चार इंचांच्या कपलिंगला म्हणजे चार हजारांश, जेमतेम ०.१ मिलिमीटर. मग शाफ्ट पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. फट शाफ्टबरोबर फिरली तर चूक इंजिनाच्या बैठकीची नाही, शाफ्ट किंवा कपलिंग वाकडं आहे. नव्या रबरी माउंटिंगा काही तासांत दबतात, म्हणून २० ते ५० तासांनी पुन्हा एकदा तपासा.

जुने मीटर आणि कंट्रोल चालतील का?

यांत्रिक इंजिनाला चालतील, फक्त सेंडर (इंजिनावरून मीटरला माप पाठवणारे भाग) मीटरशी जुळणारे घ्या. संगणकावर चालणाऱ्या इंजिनांना स्वतःचे मीटर, स्वतःची वायरिंग आणि बहुधा स्वतःचे थ्रॉटलही लागतात. वर-खाली दोन ठिकाणांहून बोट चालवता येत असेल तर खर्च दोन्ही जागी.

त्यापेक्षा मागे दोन आउटबोर्ड (बोटीबाहेर टांगायची इंजिनं) लावले तर?

पोटातलं वजन काढून शेपटीला टांगल्यावर बोटीचा तोल सगळा बदलतो. जुन्या जड क्रूझरची मागची भिंत त्या ओढीसाठी बांधलेली नसते. नौकारचनाकाराकडून हिशेब करून घेतल्याशिवाय हात घालू नका.

हे काम स्वतः करता येईल का?

इंजिनं सोडवणं, साफसफाई, रंग, नळ्या, टाक्या हे सगळं हातात कसब असलेला मालक करू शकतो, आणि मजुरीचा मोठा भाग तिथेच असतो. उचलण्याचं काम, स्ट्रिंगरची दुरुस्ती, पंख्याचा हिशेब आणि शेवटचं अलाइनमेंट जाणकाराकडे द्या. सोडवण्याआधी प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावा आणि फोटो काढा. कंपनीची वॉरंटी हवी असेल तर बसवणी त्यांच्या अधिकृत माणसाने तपासावी लागते. ते काम सुरू होण्याआधी विचारा. विमा कंपनीलाही आधीच कळवा.

खर्च केलेले पैसे बोट विकताना परत मिळतात का?

पूर्ण नाही. नव्या इंजिनांची जुनी बोट लवकर विकली जाते, बरी किंमतही येते, पण घातलेल्या पैशाचा थोडाच भाग परत येतो. बोट विकायचीच असेल तर इंजिनं बदलू नका, आहे त्या स्थितीत खरं सांगून विका. तिच्यात अजून दहा वर्षं काढायची असतील तरच हा खर्च करा.

पहिल्या फेरीत काय बघायचं?

धक्क्याला बांधलेल्या बोटीतच आधी दोन्ही गिअर पुढे-मागे टाकून पाहा, प्रत्येक जोड हाताने चाचपा, ग्लँडमधून किती पाणी येतंय ते बघा. तरफ पुढे केल्यावर डावा पंखा कोणत्या बाजूला फिरतो आणि उजवा कोणत्या, हे मागे उभं राहून डोळ्यांनी पाहून घ्या.

धक्का सोडल्यावर एक माणूस सुकाणूवर, एक इंजिनखोलीपाशी. दर ५०० फेऱ्यांना थांबून दोन्ही इंजिनांचं तापमान, तेलाचा दाब आणि वेग लिहा. इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही बाजूंचे रायझर मोजा, एक दुसऱ्यापेक्षा खूप गरम असेल तर तिकडे पाणी कमी जातंय. शेवटी पूर्ण थ्रॉटल देऊन कमाल फेरे बघा. हा कागद जपून ठेवा. दोन वर्षांनी बोट मंद वाटली तर तुलना करायला तोच लागेल. पहिल्या ५० तासांत एकाच फेऱ्यांवर तासन्‌तास चालवू नका, आणि पहिलं तेल कंपनी सांगेल तेव्हा, म्हणजे बहुधा २० ते ५० तासांदरम्यान, बदलून टाका.

जुन्या इंजिनांचं काय करायचं?

तेल आणि कूलंट काढून रीतसर जमा करा, बिल्जमध्ये सोडू नका. तयार ब्लॉक घेणार असाल तर विक्रेता जुना ब्लॉक परत मागतो, म्हणून पैसे चुकते होईपर्यंत काहीच भंगारात घालू नका. चालू स्थितीतले स्टार्टर, कार्ब्युरेटर, हीट एक्स्चेंजर आणि विशेषतः उलट्या फिरणाऱ्या इंजिनाचे भाग बाजूला काढा. त्यांचं उत्पादन बंद झालेलं असतं, आणि तसंच इंजिन अजून चालवणारा एखादा मालक नेमके तेच भाग शोधत असतो.